सस्पेन्स खात्यातला सूर्य

आमच्या घरात हवामानाचा अंदाज वर्तवण्याचा अधिकार गेली कित्येक वर्षे आईच्या उजव्या गुडघ्याकडे आहे. डावा गुडघाही दुखतो, पण तो बारा महिने दुखतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला कोणी किंमत देत नाही. (रोज तक्रार करणाऱ्या खातेदाराकडे आम्ही बँकेत ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने आम्ही घरात डाव्या गुडघ्याकडे बघतो.) उजवा मात्र एरवी गप्प असतो आणि ठणकला की चोवीस तासांत पाऊस! वेधशाळा आणि उजवा गुडघा यांच्यात मतभेद झाला, तर आमच्या घरातली छत्री गुडघ्याच्या सल्ल्याने बाहेर पडते.

अशा या सुखी घरात गेल्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअर शिरले.

आमची कन्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर हा तिचा विषय. एके संध्याकाळी मी चहाचा कप हातात घेऊन नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमची मदत हवी आहे."

मी सवयीने पाकिटाकडे हात नेला.

"पैसे नकोत हो. डोकं हवंय."

माझ्या डोक्याला मागणी येण्याचा हा प्रसंग लग्नानंतरचा पहिलाच. स्वयंपाकघरातून सौ. सुद्धा पदराला हात पुसत बाहेर आली. तिला बहुधा ऐकण्यात काही चूक झाली असे वाटले असावे.

प्रकरण असे होते. कन्येला कॉलेजसाठी एक हवामानाचे ॲप करायचे होते. ते ऐकून मला वाटले, आता ही गच्चीवर फुगे सोडणार. पण तसे काही नसते. परदेशातला एक कॉम्प्युटर आपल्या गावाचे हवामान विनामूल्य कळवत असतो. मात्र तो पक्का कारकून असल्यामुळे शब्दांत काही सांगत नाही, नुसता आकडा पाठवतो. म्हणजे "पुण्यात ६३ आहे" एवढेच. आता ६३ म्हणजे काय, ते त्याच्याकडच्या यादीत बघायचे. ६३ म्हणजे मध्यम पाऊस. मग आपल्या ॲपने 'मध्यम पाऊस' अशी अक्षरे दाखवायची आणि शेजारी ढगाखाली दोन थेंब असलेले चित्र लावायचे. ०२ असेल तर अर्धवट ढगाळ, म्हणून ढगाआडून डोकावणारा सूर्य. असे एकूण २८ आकडे.

"म्हणजे आकडा हा खाते नंबर, वर्णन हे खातेदाराचं नाव आणि चित्र ही सही. तिन्ही जुळली पाहिजेत," मी म्हणालो.

"अगदी बरोबर!" कन्या म्हणाली. सौ.कडे मी असे काही बघितले की विचारू नका.

गेली बावीस वर्षे मी जुळवाजुळवीचेच काम करतो आहे. लोकांचा समज असा, की बँकेत पैसे मोजतात. पैसे मशीन मोजते. आम्ही जुळवतो. या शाखेचा आकडा त्या शाखेच्या आकड्याशी, कालची शिल्लक आजच्या शिल्लकेशी आणि साहेबांचे म्हणणे साहेबांच्याच परवाच्या म्हणण्याशी. यातले शेवटचे कधी जुळत नाही. त्यामुळे हे काम आपल्यासाठीच जन्माला आले आहे अशी माझी खात्री पटली. मी कपाटावरून एक जुनी जाड वही काढली आणि पट्टीने रकाने आखले. आकडा, वर्णन, दिवसाचे चित्र, रात्रीचे चित्र आणि शेरा.

"शेरा कशाला?" कन्येने विचारले.

"शेरा असतोच," मी सांगितले. बी.कॉम. झालेल्या माणसाला याहून जास्त कारण देता येत नाही.

मग मी या विषयात शिरलो. आणि वाचकहो, काय सांगू, हवामान खाते म्हणजे आमच्याच जातीचे खाते निघाले! हे २८ आकडे आले कुठून म्हणून बघितले, तर जागतिक हवामान संघटनेचे ०० ते ९९ असे शंभर आकड्यांचे एक कोष्टक आहे. त्यातले निवडक २८ या सेवेने उचललेले. (आपली नक्षत्रेही अभिजित धरले की २८ होतात. आईला हे सांगितल्यावर तिचा त्या परदेशी कॉम्प्युटरवर थोडा विश्वास बसला.) पण खरी मजा त्या मूळ शंभरांत आहे. २० ते २९ हे आकडे कशासाठी, तर मागच्या तासाभरात होऊन गेले पण आत्ता थांबले आहे अशा हवामानासाठी! मागच्या तारखेचे व्हाउचर घ्यायची सोय आम्हालासुद्धा इतकी उघड नाही. आकडा १७ म्हणजे गडगडाट चालू, पाऊस मात्र नाही. हा आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले की वापरावा. आणि आकडा १३ म्हणजे वीज दिसली, पण आवाज ऐकू आला नाही. महिन्याची वीस तारीख उलटल्यावर मी घरात नवे पुस्तक घेऊन आलो की सौ.च्या चेहऱ्यावर जे होते, त्याला एखादे शास्त्रीय नाव असेल असे मला कधी वाटले नव्हते.

आकाश किती ढगाळ हे मोजायची रीतही मला फार आवडली. आकाशाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती झाकले ते सांगायचे. आठही झाकले की पूर्ण ढगाळ. आमचे आजोबा "आज बारा आणे ढग आहेत हो" म्हणत तेच हे. फक्त रुपया सोळा आण्यांचा होता, आकाश आठांत भागले.

ढगांना नावे ठेवणारा माणूसही नोकरीधंद्यातलाच होता. ल्यूक हॉवर्ड. लंडनमध्ये औषधे तयार करण्याचा त्याचा व्यवसाय. १८०२ साली त्याने ढगांची लॅटिन नावे सुचवली. ढीग घातल्यासारखे ते क्युम्युलस, थर पसरल्यासारखे ते स्ट्रेटस आणि कुरळ्या बटेसारखे ते सिरस. दिवसभर औषधे करून हा मनुष्य वर बघायला वेळ काढत होता. आमच्या साहेबांनी त्याला "कामाच्या वेळेत खिडकीबाहेर बघू नका" असा मेमो दिला असता आणि ढग आजपर्यंत बिननावाचे फिरले असते.

असो. सांगायचा मुद्दा, वर्णने लिहायची वेळ आली आणि घरात भांडण झाले.

यादीतले इंग्रजी फार कोरडे. पाऊस तीन प्रकारचा, हलका, मध्यम, जोरदार. भुरभुरही तीन प्रकारची, हलकी, मध्यम आणि दाट. सरीही तीनच. म्हणजे पाऊस नव्हे, हॉटेलातला वडा सांबारचा तिखटपणा! मी म्हटले, आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत, ते वापरू. ५१ ला 'भुरभुर' लिहिले, ५३ ला 'रिमझिम', आणि ५५ ला 'रिपरिप'.

"रिपरिप म्हणजे दाट नव्हे काही," सौ. म्हणाली. "रिपरिप म्हणजे कपडे वाळत नाहीत तो."

"त्याला पिरपिर म्हणतात," मी.

"पिरपिर तुम्ही करता. पाऊस रिपरिप करतो."

तेवढ्यात आई म्हणाली, "आणि झड कुठाय रे तुमच्यात?"

झड नव्हती. सर येते आणि जाते. झड बसते, तीन तीन दिवस उठत नाही. पण परदेशी कॉम्प्युटर एका वेळी एकाच तासाचा विचार करतो, त्याला तीन दिवसांची झड कळणार कशी? आईने मग वळीव विचारला. वळीवही नव्हता. ऊन असताना पाऊस पडतो ते कोल्ह्याचे लग्न विचारले. तेही नव्हते. "मग आहे काय त्यात?" असे म्हणून आईने चष्मा काढून ठेवला. मी तिला सांगू लागलो, की गोठणारा पाऊस आहे, बर्फाची कणी आहे, आणि ४८ नंबरला जिथे बसेल तिथे गोठून पांढरा थर धरणारे धुके आहे. पुण्यात या सगळ्याचा उपयोग शून्य. कन्या म्हणाली, गाळून टाकू. मी गाळू दिले नाही. यादीत आहे ते वहीत असलेच पाहिजे. ७७ नंबरच्या बर्फाच्या कणीपुढे मी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला, 'सध्या व्यवहार नाही.'

चित्रांचे आणखी निराळे. आम्ही आधी दुसऱ्या एका नावाजलेल्या सेवेची चित्रे बघितली. तिथे वर्णने पन्नासाच्या वर आणि चित्रे नऊ! विरळ धुके, धूर, वाळू, ज्वालामुखीची राख आणि टोर्नेडो या सर्वांना मिळून एकच चित्र, चार आडव्या रेघा. म्हणजे डोक्यावर ज्वालामुखीची राख पडत असताना मनुष्याने फोनमध्ये बघावे आणि "धुकं दिसतंय" म्हणून मफलर गुंडाळावा.

नऊ हा आकडा ऐकून आई पुन्हा सरसावली. "आमची पण नऊच," ती म्हणाली आणि पंचांग घेऊन आली. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन असते, हे मला ठाऊक होते. पण वाहने बरोबर नऊ असतात हे मी कधी मोजले नव्हते. हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस आणि गाढव. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकी उरेल तो प्राणी घ्यायचा. हत्ती, बेडूक, म्हैस आली की भरपूर पाऊस, कोल्हा नाही तर मेंढा आला की ओढ. म्हणजे आकडा, चित्र आणि वर्णन यांची जुळवाजुळव आमच्या घरात कालनिर्णयाच्या खिळ्याला पिढ्यान् पिढ्या लटकत होती! कन्येने बेडकाचे चित्र घेण्याचे मनावरही घेतले होते. पण परीक्षक काय म्हणतील या भीतीने बेडूक मागे पडला. ब्रिटनच्या बीबीसीने १९७५ साली मार्क ॲलन नावाच्या एका कलाशाखेच्या विद्यार्थ्याने काढलेली चित्रे दूरदर्शनवरच्या नकाशावर लावायला सुरुवात केली. काळा ढग, पांढरा ढग, थेंब, पिवळा सूर्य. ती जवळजवळ तीस वर्षे चालली. आम्ही त्याच वळणाची घेतली. शेवटी पाऊस कसा पडतो हे इंग्रजांना आपल्याइतकेच कळते.

तरी एक गोष्ट मला खटकत राहिली. भारतीय हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की तो 'जोरदार'. ६४.४ झाला तर 'मध्यम'. आमच्या बँकेलाही इतका काटा झेपणार नाही. पण वरच्या टोकाला काय? आम्ही जोरदारला तीन थेंबांचे चित्र लावले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यालाही तीनच थेंब? त्या रात्री माझा थोरला भाऊ कुर्ल्याहून ठाण्याला चालत निघाला होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. चौथा थेंब काढायचा का, असे मी कन्येला विचारले. ती म्हणाली, "चौथा मावत नाही, बाबा."

मार्चमध्ये ॲप तयार झाले. कन्येने ते सोसायटीतल्या सगळ्यांच्या फोनवर घालून दिले. पहिल्याच रात्री अकरा वाजता चेअरमनसाहेबांचा फोन आला. "अभिनंदन. तुमच्या मुलीने रात्री सूर्य उगवून दाखवलाय." आकडा शून्य, निरभ्र आकाश, चित्र सूर्य. रात्रीचा रकाना मी वहीत आखला होता, कन्येने तो ॲपमध्ये घेतला नव्हता. मी त्या दिवशी फार समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी चंद्र आला. पुढे हनुमान जयंतीला आईने फोन हातात घेतला आणि विचारले, "पौर्णिमेला ही कोर कसली रे?" ॲपमधला चंद्र बारमाही चतुर्थीचा होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्या भरवशावर उपास धरला नाही, हे नशीब.

आणि आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी सांगायचे मी इतका वेळ टाळतो आहे.

ॲप करताना कन्येने मला एक प्रश्न विचारला होता. "बाबा, यादीत नसलेलाच एखादा आकडा आला तर काय दाखवायचं? काहीतरी ठेवावं लागतं. मी प्रश्नचिन्ह ठेवते."

मी म्हणालो, "प्रश्नचिन्ह कसलं ठेवतेस? लोक घाबरतील. सूर्य ठेव. 'निरभ्र' लिही. आपल्याकडे बहुतेक दिवस ऊनच असतं."

हे मी म्हणालो. मी! ज्याने बावीस वर्षांत न जुळणारी एक रक्कम सस्पेन्स खात्याऐवजी दुसरीकडे टाकली नाही, तो मी! कोणाची ते कळत नाही अशी रक्कम आली, तर ती सस्पेन्स खात्यात पडून राहते, उलगडा होईपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. ती उचलून नफ्यात जमा करणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो. आणि घरी बसून मी पोटच्या पोरीला सांगितले, की कळत नाही ते नफ्यात टाक.

मे महिन्याचा पहिला आठवडा. आमच्या इमारतीत चार घरे मिळून कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो हलवत हलवत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. हात भाजतात, खांदे दुखतात. त्या दिवशी पहाटे पाचपासून बायका गच्चीवर होत्या. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस. प्लास्टिकचे कागद आणि जुन्या साड्या यांनी गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती.

दहा वाजता आई म्हणाली, "उजवा ठणकतोय गं. पाऊस येणार."

सौ.ने फोन उघडला. दुपारी चार वाजताच्या रकान्यात सूर्य होता. पिवळाधमक. शेजारी 'निरभ्र आकाश.'

"आई, हे बघा. नातीनं केलंय," सौ. म्हणाली. आणि आईने, आयुष्यात पहिल्यांदा, गुडघ्याचा शब्द मागे घेतला. "तिनं केलंय तर बरोबरच असेल," ती म्हणाली आणि जेवून आडवी झाली. सगळ्याच बायका खाली येऊन आडव्या झाल्या. पहाटेपासून उभ्या होत्या बिचाऱ्या.

मी बँकेत होतो, त्यामुळे पुढचे मी ऐकलेले सांगतो. पावणेचारला धुळीचा लोट आला. चारला वीज कडाडली. बायका जिन्याने वर धावल्या, तोवर टपोरे थेंब सुरू झाले होते आणि एक साडी सगळ्या कुरडयांनिशी शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली होती. वीस मिनिटांत सगळे आटोपले. कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

मी सहाला घरी पोचलो. सौ. काही बोलली नाही. आकडा १३. शेजारच्या वहिनींनी जिन्यात मला एवढेच विचारले, "भावजी, ते ॲप काढून कसं टाकायचं हो?" आणि कन्या आतल्या खोलीत दार लावून बसली होती. सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती. लाल डोळ्यांनी ती एकेक ओळ तपासत होती. "माझ्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "त्यांनी आकडा पाठवला होता, बाबा. ९५. गडगडाटी पाऊस. मग सूर्य आला कसा?"

९५ ऐकले आणि मी वही उघडली. नोंदी मोजल्या. २८. बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला एक प्रकरण असते, ट्रायल बॅलन्स जुळूनही ज्या चुका सापडत नाहीत त्यांचे. ते प्रकरण आठवले आणि जीव भांड्यातून परत बाहेर आला. मी मूळ यादीतल्या २८ आकड्यांची बेरीज केली. १६९३. मग वहीतल्या आकड्यांची केली. १६५७. फरक ३६.

इथे सामान्य माणूस पुन्हा बेरीज करील. कारकुनाला घाम फुटतो. फरकाला नवाने भाग गेला, की समजावे, कोणीतरी अंक उलटे लिहिले आहेत. छत्तीस भागिले नऊ, चार. म्हणजे उलटलेल्या दोन अंकांत चारचा अंतर. यादीत असे तीनच संशयित होते, ५१, ७३ आणि ९५. ५१ जागेवर होता. ७३ जागेवर होता. ९५ च्या जागी माझ्या टपोऱ्या, वळणदार, बँकेत जिचे कौतुक होते त्या अक्षरात लिहिले होते, ५९.

कन्येने माझी वही बघून जसेच्या तसे उतरवले होते. फेब्रुवारीपासून आमच्या भागात एकदाही गडगडाट झाला नव्हता, म्हणून ९५ कधी आलाच नव्हता. आला तेव्हा तो यादीत नव्हता. आणि यादीत नसेल त्याला काय दाखवायचे, तेही मीच सांगितले होते.

मी वही मिटली. आता खोटे कशाला सांगू, ती परत कपाटावर ठेवावी असे मला वाटले. कन्येला उद्यापर्यंत ५९ दिसला असता, तो तिने स्वतःचाच टायपिंगचा घोटाळा समजून दुरुस्त केला असता आणि प्रकरण मिटले असते. माझे जेवणही झाले. दहा वाजले. आतल्या खोलीत दिवा चालूच होता. अकराला मी पाणी प्यायला उठलो. साडेअकराला पुन्हा उठलो. माणसाला एका रात्रीत किती तहान लागावी यालाही मर्यादा असते.

मग मी वही घेऊन आत गेलो आणि ५९ वर बोट ठेवले.

ती बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. "मी साडेचार तास शोधतेय, बाबा," ती म्हणाली.

"हो."

"आजी पण माझ्यामुळे गप्प बसली."

"माझ्यामुळे," मी म्हणालो. ५९ वर आडवी रेघ मारली, वर ९५ लिहिले आणि शेजारी तारीख घालून छोटी सही केली. बँकेत खाडाखोड अशीच करतात. दुसरी कुठली रीत मला येत नाही. तिने सूर्य काढून तिथे प्रश्नचिन्ह घातले आणि म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं."

सांगितले. त्याचा तपशील देत नाही. शंभरच्या शंभर आकड्यांत त्याला आकडा नाही.

सोमवारी परीक्षकांनी कन्येला विचारले, सगळ्यात मोठी अडचण कोणती आली? तिने कोष्टकातला घोटाळा सांगितला, नवाची युक्तीही सांगितली. ती त्यांना नवीन होती. मग त्यांनी विचारले, कोष्टक कोणी केले होते? "एका बँक कर्मचाऱ्याने," कन्या म्हणाली. नाव घेतले नाही. संध्याकाळी मला हे तिने हसत सांगितले. मी पण हसलो, पण तिच्यानंतर.

गहू पुन्हा भिजला. तो मी आणला, पाणीही मीच बदलले, आणि पुढच्या रविवारी सोऱ्या दाबायला मी पहाटे पाचला गच्चीवर हजर होतो. माझ्या हातच्या कुरडया पाहून खालच्या काकूंनी "हे ढग का?" असे विचारले. मी त्यांना स्ट्रेटस असे उत्तर देणार होतो, पण दिले नाही.

दुपारी तीन वाजता सौ.ने फोन बघितला. सूर्य होता, आणि आता तो खात्रीचा सूर्य होता, मी स्वतः तीनदा पडताळलेला. तिने वर बघितले. आकाश कोरे. मग तिने जिन्यातून खाली हाक मारली, "आई, उजवा कसा आहे?"

"उजवा बरा आहे गं," खालून आवाज आला. "डावा जरा जास्त ठणकतोय आज."

सौ.ने एकदा माझ्याकडे बघितले, पदर खोचला आणि म्हणाली, "अहो, बघत काय उभे राहिलात? ती दोन टोकं धरा."